प्रोटीन मसाला चहा दर वेळी फाटतो? आधी गाळणीत काय राहिलं ते बघा

तक्रार सगळीकडे सारखीच असते. आलं-वेलचीचा नेहमीचा चहा उकळतो, रंग धरतो, वास घरभर जातो. मग डब्यातली प्रोटीन पावडर चमच्याने त्यात पडते आणि अर्ध्या मिनिटात भगोन्यात पांढरे कण फिरायला लागतात. वरचा चहा पाणचट, खाली गाळ, गाळणी चोंदलेली. स्वयंपाकघरात डोकावणारं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, "च्या फाटी गया ना भो!" मग पावडरचा डबा बदलला जातो, दूधवाल्याला बोल लावले जातात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

जळगाव-धुळ्याकडे जिमला जाणारी पोरं आणि डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलेले घरातले मोठे, दोघांचीही अडचण एकच आहे. शेकरमधलं गार, व्हॅनिलाच्या वासाचं दूध रोज घशाखाली उतरत नाही, चहा मात्र सुटत नाही. म्हणून दोन्ही एकत्र करायचा विचार येतो आणि तो चांगलाच आहे. फक्त "चहा फाटला" या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे जातात आणि चहा फाटतोच.

तेव्हा पुढच्या वेळी बिघडलेला चहा मोरीत ओतू नका. गाळून घ्या आणि गाळणीतली एक गाठ दोन बोटांत दाबून बघा.

गाठ फुटून आतून कोरडी पावडर निघाली, तर पावडर नीट मिसळलीच नव्हती. गाठ दाबल्यावर रबरासारखी बोटाखालून सटकते, आतबाहेर सारखीच पांढरी आहे, कण रव्याएवढे ते साबुदाण्याएवढे आहेत आणि गाळणीच्या जाळीला असे चिकटलेत की घासणीनेच निघतील, तर पावडर शिजली आहे. कण मऊ, चुरणारे, ताज्या पनीरसारखे असतील, गाळलेलं पाणी तपकिरी पण आरपार दिसणारं असेल आणि वासाला किंचित आंबूसपणा असेल, तर पावडरचा संबंध नाही, दूधच फाटलं आहे. आणि गाठी नाहीतच, नुसता जिभेला बारीक रेतीसारखा खरखरीतपणा आणि तोंड आवळल्यासारखं होतंय, तर ते चहापत्तीचं काम आहे.

पावडर शिजणे: दहातल्या सात-आठ घरांत हेच

हा माझा अंदाज, मोजदाद नाही. पण बाजारात सगळ्यात जास्त खपणारी पावडर व्हे प्रोटीनची असते आणि व्हेला उकळता चहा सोसत नाही.

व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना खाली उरणाऱ्या हिरवट पाण्यातलं प्रथिन. ते गाळून, आटवून, फवारून वाळवलं की पावडर होते. साधारण 65 अंश सेल्सिअसपर्यंत ते तग धरतं. 70 च्या पुढे त्याच्या घड्या उलगडायला लागतात आणि उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून गाठी होतात. गरम तव्यावर अंड्याचा पांढरा भाग थिजतो ना, तसंच. त्यात चहा पाण्यापेक्षा थोडा आम्लधर्मी असतो, त्यामुळे गाठी आणखी लवकर होतात. भगोन्यात उकळी फुटलेली असताना तापमान शंभराच्या आसपास असतं, त्यामुळे तिथे पावडर टाकणं म्हणजे ती शिजायलाच टाकणं.

यावर हमखास प्रश्न येतो: व्हे तर दुधातही असतं, मग दूध उकळताना गाठी का होत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. दुधातल्या प्रथिनांत साधारण 80 टक्के केसीन आणि 20 टक्के व्हे असतं. दूध तापलं की व्हे तिथेही उलगडतं, पण आजूबाजूला केसीनचे कण भरपूर असतात आणि ते त्यांनाच जाऊन चिकटतं. डोळ्याला काही दिसत नाही. डब्यातल्या व्हे पावडरीत ही केसीनची सोबत नसते, म्हणून ती आपापसातच चिकटते. उपायही इथेच सापडतो. पावडर आधी दुधात कालवायची, चहाच्या पाण्यात कधीच नाही, आणि गरम चहा त्या दुधावर ओतायचा. क्रम उलटा करायचा नाही.

आता तापमानाचं गणित, कारण सगळी मेख तिथेच आहे. गॅसवरून उतरवून गाळलेला कोरा चहा साधारण 88 ते 90 अंशांवर असतो. 120 मिली असा चहा आणि 30 अंशांचं 80 मिली दूध एकत्र केलं की मिश्रण 65 च्या जवळ येतं. प्यायला गरम, पावडरीला सुरक्षित. दूध फ्रिजमधून काढून थेट घेतलं तर तेच मिश्रण पंचावन्नच्या आसपास येतं. चहा कोमट लागतो, आणि मग घरातली माणसं तो परत गॅसवर ठेवतात. तिथे घात होतो. पावडर एकदा पडली की भगोनं गॅसवर परत जाणार नाही, एवढं स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आपल्याकडे यात एक जास्तीचा गुंता आहे. पुण्याच्या माणसाने "दूध खोलीच्या तापमानाला आणा" म्हटलं की त्याला पंचवीस-अठ्ठावीस अंश अभिप्रेत असतात. मे महिन्यात भुसावळला पारा 44-45 ला टेकतो तेव्हा ओट्यावरचं दूध चाळिशीत असतं. त्याच मापाने चहा ओतला तर मिश्रण 70 च्या घरात जातं आणि जो चहा डिसेंबरात झकास जमला होता तो उन्हाळ्यात कणीदार होतो. माणूस म्हणतो पावडर खराब निघाली. पावडर तीच असते, हवा बदललेली असते. उन्हाळ्यात फ्रिजमधलं दूध काढून दहा मिनिटंच बाहेर ठेवा, किंवा गाळलेला चहा दोन-तीन मिनिटं उघडा राहू द्या. स्वयंपाकाचं तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर कोऱ्या चहाची वाफ जोरात उसळायची थांबून संथ झाली की ओता. ओतून झाल्यावर फुंकर न मारता छोटा घोट घेता आला पाहिजे. जीभ भाजत असेल तर पावडरही भाजली आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. गाठी झाल्या म्हणजे प्रोटीन "मेलं", असं जिममध्ये छातीठोकपणे सांगतात. तसं काही नसतं. उष्णतेने त्याचा आकार बदलतो, पोषण जात नाही. उकडलेल्या अंड्यातलं प्रथिन आपण खातोच की. त्या गाठी पोटात गेल्या तरी पचतात. बिघडतो तो चहा, पौष्टिकपणा नाही. फक्त गाळणीत अडकलेलं प्रोटीन घासणीबरोबर मोरीत जातं, नुकसान असलंच तर तेवढं.

दूधच फाटत असेल तर

इथे तीन संशयित. आलं, गूळ आणि उन्हाळा.

आल्यात झिंजिबेन नावाचं एक पाचक द्रव्य असतं आणि ते दुधातल्या केसीनवर सुरी चालवल्यासारखं काम करतं. दक्षिण चीनमध्ये तर आल्याच्या रसावर गरम दूध ओतून ते मुद्दाम वाटीत थिजवतात आणि गोड पदार्थ म्हणून चमच्याने खातात. हे द्रव्य 60 अंशांच्या आसपास सगळ्यात जोमात असतं आणि उकळलं की निकामी होतं. नेहमीच्या चहात आलं पाण्याबरोबर खळखळ उकळतं, म्हणून आजवर तुम्हाला त्रास झाला नाही. प्रोटीन चहात मात्र आपण मुद्दाम 60-65 अंशांवर काम करतो, म्हणजे नेमकं आल्याला हवं तेच तापमान. वरून ताजं आलं किसून घातलं किंवा ठेचलेल्या आल्याचा रस शेवटी पिळला, तर पेला बघता बघता फाटतो. आलं नेहमी पाण्यात, पत्तीच्या आधी, तीन-चार मिनिटं पूर्ण उकळून घ्यायचं. सुंठही त्याच वेळी टाका. वेलची, लवंग, दालचिनी, मिरं यांचा असा काही उपद्रव नाही. गवती चहाच्या पात्याही निर्धास्त टाका.

गूळ जरा लहरी. तो मुळात किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि पावसाळ्यात पाघळलेला जुना गूळ जास्तच आंबतो. उकळत्या दुधात पडला की दूध फाटायची भीती असते. साखरेऐवजी गूळ हवाच असेल तर पावडर, दूध, चहा सगळं पेल्यात एकत्र झाल्यावर, शेवटी, बारीक किसलेला गूळ घालून ढवळा. काही गूळ तरीही फाडतो. अशा गुळाची आधी परीक्षा घ्या: अर्धी वाटी गरम दुधात खडाभर टाकून बघा, पाच मिनिटांत कळतं. आणि पावडरीच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. बऱ्याच पावडरींत आधीच गोडी घातलेली असते, त्यावर गूळ पडला की चहाचा पाक होतो.

उन्हाळ्याचं दूध हा तर आपल्याकडचा जुना त्रास. दुपारी लाइट जाते, फ्रिज तापतो, दूध दिसायला ठीक असतं, चाखलं तरी आंबट लागत नाही, पण उंबरठ्यावर उभं असतं. ते नुसतं प्यायलं तर चालून जातं, चहाची आम्लता आणि उष्णता मिळाली की फाटतं. दुधाच्या डेऱ्यांवर करतात तीच परीक्षा घरी करता येते: पळीभर दूध गॅसवर धरून उकळा. पळीतच फाटलं तर त्याचं पनीर करा आणि चहाला ताजं आणा. चिमूटभर खायचा सोडा टाकून असं दूध सावरून घेता येतं हे खरं, पण चहा काळपट होतो, चव साबणासारखी लागते, आणि शिळं दूध लपवायचं कशाला?

कोरड्या गाठी

याला फार बोलण्यासारखं नाही. कोरडी पावडर पातळ पदार्थावर एकदम ओतली की बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि आतल्या पावडरीपर्यंत ओल पोचतच नाही. नंतर कितीही ढवळा. पेल्यात आधी पावडर घ्या, दोन-तीन चमचे दूध घाला, बेसन कालवतो तशी घट्ट, गुळगुळीत पेस्ट करा, मग उरलेलं दूध. लहान रवी असेल तर तिच्याइतकं चांगलं काम कशानेच होत नाही. बॅटरीवरचं छोटं फेसणंही चालतं, मात्र व्हेला फेस इतका येतो की अर्धा पेला फेसच होतो. लाटे कॉफीसारखा वर फेस हवा असेल तर दहा सेकंद पुरे.

शेकरचं मात्र ऐका. गरम चहा बंद शेकरमध्ये किंवा मिक्सरच्या भांड्यात घालून कधीही हलवू नका. आतली हवा आणि वाफ फुगते, झाकण उडतं आणि चहा हातावर-तोंडावर येतो. शेकर फक्त गार दूध आणि पावडरीसाठी.

गाठ नाही, पण चव मेली

हा बिघाड सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण चहा दिसायला सुंदर असतो. चहापत्तीतली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, प्रथिनांना चिकटतात. थोडी चिकटली तर चहाचा कडवटपणा कमी होतो, म्हणून तर दुधाचा चहा कोऱ्यापेक्षा सौम्य लागतो. पण प्रोटीन भरपूर घातलं की चहाची चवच दबते, आणि मग माणूस भरपाई म्हणून पत्ती दहा-दहा मिनिटं उकळतो. जास्त उकळल्याने टॅनिन्स आणखी उतरतात, प्रथिनांशी जोडी जमवून बारीक कण होतात आणि जीभ कोरडी पडते. पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. नेहमी एका पेल्याला एक चमचा टाकत असाल तर दीड टाका आणि तीन मिनिटांत गाळा. दाणेदार सीटीसी पत्तीला तेवढा वेळ भरपूर झाला. मसालाही नेहमीपेक्षा थोडा चढाच लागतो. मिरं आणि सुंठ प्रोटीनच्या दुधाळ चवीला कापतात, वेलची त्यापुढे फिकी पडते. आपल्या जिभेला तिखटाची सवय आहे, तेव्हा मिऱ्याला घाबरू नका.

काही घरांत चहावर तपकिरी, तेलकट दिसणारा पापुद्रा येतो आणि तो प्रोटीनचा समजला जातो. पाणी बोअरचं आणि जड असेल तर हा पापुद्रा प्रोटीन न घालताही येतो. पाण्यातला कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळून तो तयार करतो. कोरा चहा जड पाण्यात करून दहा मिनिटं ठेवा, पापुद्रा आला तर पावडर निर्दोष. आरओ फिल्टरच्या पाण्याने तो जातो.

पावडरचा डबा परवडत नसेल, किंवा उकळल्याशिवाय चहा वाटतच नसेल

मग साय काढलेल्या दुधाची पावडर वापरा. वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त प्रथिनं तिच्यात असतात, त्यातलं बरंचसं केसीन, त्यामुळे ती उकळीला घाबरत नाही. तीन सपाट चमचे, म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास, घातले की सात ग्रॅम प्रथिनं वाढतात. गार पाण्यात कालवून मग भगोन्यात टाका. तिच्यात दुधाची साखर निम्म्याच्या आसपास असते, म्हणून वरची साखर कमी करा. दुधाने पोट फुगणाऱ्यांना मात्र ही झेपत नाही. त्यांच्यासाठी व्हे आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेली व्हे पावडर बरी, तिच्यात ती साखर अगदी थोडी असते.

दाळ्यांचं पीठ घालून प्रोटीन चहा करायची टूम मध्यंतरी बऱ्याच जणांनी धरली. मला ती पटत नाही. दाळ्यांत 100 ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण पेल्यात तुम्ही घालणार चमचाभर, म्हणजे मिळणार दोन ग्रॅम. त्यापेक्षा जास्त घातलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि चहाची कढी होते. दाळे आणि शेंगदाणे चहाबरोबर मूठभर खा, हिशोब जास्त चांगला लागतो. सोया दुधाचा चहा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते आम्लाला गाईच्या दुधापेक्षा लवकर फाटतं. तिथेही चहा थोडा निववून, दुधावर हळूहळू ओतायचा.

एका मोठ्या पेल्याचं माप

दीड वाटी पाणी भगोन्यात घ्या. ठेचलेलं आलं, दोन वेलदोडे, एक लवंग, तीन-चार मिरी आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकून चार मिनिटं उकळा. दीड चमचा पत्ती, तीन मिनिटं, गॅस बंद. साधारण 120 मिली कोरा चहा गाळून मिळायला हवा. तोवर पेल्यात अर्धा स्कूप, म्हणजे 15 ग्रॅम बिनवासाची व्हे पावडर आणि उकळून निवलेलं 80 मिली म्हशीचं दूध, आधी पेस्ट आणि मग पातळ असं कालवून ठेवा. चहाची पहिली दोन-तीन चमचे धार दुधावर टाकून ढवळा, म्हणजे दुधाला एकदम चटका बसत नाही. मग बाकीचा चहा बारीक धारेने ओता, एका हाताने ढवळत. शेवटी साखर किंवा गूळ.

यातून पावडरीचे 11-12 आणि दुधाचे तीनेक, असे मिळून 15 ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं पेल्यात येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम लागतात. एका पेल्यात त्यातला बराच वाटा निघतो, म्हणून दिवसातून चार वेळा हा चहा प्यायची गरज नाही. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही नको. आणि ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी तो जेवणाला लागून घेऊ नये, चहा जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

शिफ्टला जाणाऱ्यांनी तयार प्रोटीन चहा थर्मासमध्ये भरून नेऊ नये. आत तास-दोन तास गरम राहून व्हे तिथेच हळूहळू घट्ट होतं आणि नंतर चहा कोमट झाला की त्यात जंतू वाढायला सगळं अनुकूल असतं. थर्मासात फक्त मसाल्याचा कोरा चहा न्या, छोट्या डबीत व्हे आणि दूध पावडर कोरडी एकत्र करून न्या, आणि तिथे पाव पेला साध्या पाण्यात कालवून मग वरून चहा ओता.

पेला आणि गाळणी प्यायल्याबरोबर गार पाण्याने विसळा. गरम पाणी आधी लावलं की उरलेलं व्हे जाळीवर शिजून बसतं. तसं झालंच असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात गाळणी रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने मोकळी होते.